डॉ. रखमाबाई आणि बाळाच्या वाट्याचे ऊन



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीची माहिती लिहून द्या, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होते. पण मनात एक गोष्ट पुष्कळ दिवसांपासून घर करून होती. ती सांगायला ही संधी बरी, असे वाटून लेखणी हाती घेतली.

गोष्ट घरचीच आहे. माझा धाकटा मुलगा ऐन आषाढात जन्मला. सव्वा महिना आम्ही दोघे बाळंतिणीच्या काळोख्या खोलीत होतो. खिडकीला जाड फडके, दाराला पडदा, कोपऱ्यात धुरीची शेगडी. पुढे पाऊस आहे म्हणून, मग थंडी आहे म्हणून, मग दृष्ट लागेल म्हणून मूल घरातच राहिले. दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकीना. दात उशिरा आले, मनगटे जाड दिसू लागली, उभे केले की पाय बाहेरच्या बाजूला वाकत. कोणी म्हणे अंगाने भारी आहे, कोणी म्हणे घराण्यातच उशिरा चालतात. अखेर डॉक्टरांनी पाहून सांगितले की हा मुडदूस आहे; मुलाच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी पडले आहे. औषध झाले, पाय सुधारले, आज तो धडधाकट आहे. पण ऊन जिथे अंगणात सांडते अशा आपल्या दिघाशीत माझ्या मुलाला उन्हावाचून आजार व्हावा, ही बोच मनात राहिली.

पुढे डॉ. रखमाबाई राऊत यांचे चरित्र वाचनात आले, आणि या बोचेचा अर्थ मला उमगला. बाईला कोंडले की तिच्याबरोबर तिचे मूलही कोंडले जाते. रखमाबाईंनी आयुष्यभर अशी बंद दारे उघडण्याचेच काम केले.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. मुलगी दोन-अडीच वर्षांची असतानाच वडील वारले. जयंतीबाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांची जात सुताराची. त्यांच्यात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले, आणि त्याआधी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत. वनस्पतींचे ते मोठे जाणकार होते. सावत्र वडील म्हटले की आपल्या मनात एक चित्र उभे राहते. पण या मुलीला पुस्तकांची गोडी लागली ती याच घरात.

तरीही त्या काळाची रूढी कोणाला चुकली नाही. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. नवरा एकोणीस वर्षांचा होता. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे, असे ठरले होते. पण शिक्षणात त्याचे मन रमले नाही. तो मामाकडे राहायला गेला. रखमाबाई आईकडेच राहिल्या. घरात जी पुस्तके मिळतील ती वाचीत त्या मोठ्या झाल्या, आणि या घरी नांदायला जायचे नाही, असा त्यांनी मनाशी निश्चय केला.

१८८४ साली दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. हा खटला चार वर्षे गाजला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात लग्न झालेल्या आणि सासरी कधी न गेलेल्या बाईला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी पाठविता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. पण अपिलात तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. विलायतेपर्यंत खळबळ उडाली. मोठमोठी माणसे तिच्याविरुद्ध बोलली, तशी बाजूनेही उभी राहिली. त्याआधी टाइम्स ऑफ इंडिया या वर्तमानपत्रात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाहाविरुद्ध पत्रे छापून आली होती. ती लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या, हे पुढे सर्वांना कळले.

अखेर १८८८ साली आपसांत मिटले. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. या खटल्याने जी चर्चा पेटली, तिचा परिणाम १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात दिसला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. आज आपल्याला ते थोडे वाटते. पण त्या वेळी एवढ्यासाठीही केवढे रणकंदन झाले होते!

रखमाबाई आता मोकळ्या झाल्या, पण मोकळे होऊन घरी बसायचे नव्हते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना धीर दिला आणि वर्गणी जमविण्यास मदत केली. १८८९ साली रखमाबाई बोटीने विलायतेला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन परत आल्या होत्या, पण १८८७ साली, पुरती वैद्यकी करण्याआधीच, काळाने त्यांना नेले. त्यांचे अपुरे राहिलेले काम रखमाबाईंना पुरे करता आले.

येथे थोडे थांबून त्या वेळचे लंडन पाहिले पाहिजे. गिरण्यांचा आणि चुलींचा धूर, अरुंद गल्ल्या, महिनोन्‌महिने न दिसणारा सूर्य. अशा शहरांतून मुडदुसाने वाकडे पाय झालेली मुले जागोजागी दिसत. रखमाबाई पोहोचल्या त्याच १८८९ साली तेथील डॉक्टरांच्या संघटनेने हा आजार कोठे कोठे आहे याची पाहणी प्रसिद्ध केली. तो कारखान्यांच्या शहरांत फार आणि खेड्यांत कमी, असे दिसले. पुढच्याच वर्षी, १८९० साली, डॉ. पाम नावाच्या गृहस्थांनी जपान, चीन, हिंदुस्थान अशा देशांतून माहिती मागवून लिहिले की जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस थोडा, तेव्हा मुलांना सूर्यस्नान द्यावे. पण त्या काळी त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजले की मुलाचे पाय सुधारतात, एवढे डॉक्टरांना ठाऊक होते. तेलात असे काय आहे आणि उन्हात काय आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

१८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या. १८९५ पासून त्यांनी सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. तेथे बावीस वर्षे काढली.

सुरतेला दवाखाना होता, खाटा होत्या, शिकलेली डॉक्टरीण होती, पण बायकाच येईनात. बाळंतपण घरातल्या काळोख्या खोलीत, सुईणीच्या हातून. दवाखान्यात गेले की बाई जिवंत परत येत नाही, ही समजूत. असे सांगतात की रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून ठेवली. शेळी सुखरूप व्याली. करडू उड्या मारू लागले. ते पाहून बायकांची भीती कमी झाली आणि हळूहळू त्या येऊ लागल्या. मला ही गोष्ट फार आवडते. त्यांनी कोणाला अडाणी म्हटले नाही, रागावल्या नाहीत. डोळ्यांना दिसेल असा पुरावा पुढे ठेवला. प्लेगच्या साथीतही त्यांनी काम सोडले नाही.

१९०४ साली दादाजी भिकाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या नवऱ्याकडे जायचे नाही म्हणून तुरुंग पत्करायला निघाल्या, त्याच्या मागे पांढरे नेसल्या, याचे कोणाला नवल वाटेल. मला वाटते, माणूस रूढीशी भांडतो तेव्हाही तिच्यात थोडा अडकलेला असतोच. आपणही तशाच आहोत.

पुढे १९१८ साली त्या राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथे राहिल्या. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी बायका आणि मुलांची सेवा केली. या भागात पडद्याची चाल मोठी. रुग्णालयच मुळी पडद्यातल्या बायकांसाठी निराळे असे. अशा घरांतली बाई दिवसचे दिवस उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि तान्हे मूल तर आईपाशीच.

याच काळात जगात मुडदुसाचे कोडे सुटू लागले होते. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. हुल्डशिन्स्की यांनी विशिष्ट दिव्याच्या, उन्हासारख्या किरणांनी मुले बरी करून दाखविली. महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात उपासमार होती. तेथे हॅरिएट चिक या इंग्रज बाईंनी आपल्या सहकारी स्त्रियांसह तान्ह्या मुलांवर लक्ष ठेवून सिद्ध केले की माशाचे तेल आणि ऊन, दोहोंनीही मुडदूस बरा होतो. १९२२ साली अमेरिकेत मॅक्‌कॉलम यांनी तेलातला तो गुण निराळा काढून ओळखला. त्यालाच पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

आणि त्याच १९२२ साली आपल्या नाशिकची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ती आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. डॉ. हचिसन आणि डॉ. शाह यांनी नाशिककडची मुले तपासली. गरिबांची मुले आजारी आणि श्रीमंतांची निरोगी निघतील, असे कोणालाही वाटले असते. निघाले उलटेच. ज्या सुखवस्तू घरांत बायका पडद्यात आणि तान्ही मुले पहिले सहा-सहा महिने घरातच असत, तेथे मुडदूस होता. ज्या मोलकरणी आणि शेतमजुरिणी मूल पाठीशी किंवा बांधावर ठेवून उन्हात राबत, त्यांचे खाणे निकृष्ट असूनही त्यांच्या मुलांत तो नव्हता. दूधतुपाने जे साधले नाही ते उन्हाने साधले होते.

रखमाबाईंनी ड जीवनसत्त्वाचा शोध लावला नाही, हे खरे आहे. पण निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडदा पद्धत नाहीशी झाली पाहिजे असे सांगणारी पुस्तिका लिहिली. बायकांना, विशेषतः तरुण विधवांना, समाजाच्या उपयोगी पडण्याची संधी या चालीमुळे मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नाशिकच्या डॉक्टरांनी मुलांच्या हाडांत जे पाहिले, ते आणि रखमाबाईंचे म्हणणे मी शेजारी शेजारी ठेवून पाहते, तेव्हा मला ती एकच गोष्ट दिसते. आईला दाराबाहेर पडायची मुभा नसेल, तर बाळाच्या वाट्याचे ऊनही दाराबाहेरच राहते.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. १९५५ साली हिंदू विवाहाचा नवा कायदा झाला आणि नको असलेल्या लग्नातून सुटण्याची वाट हिंदू स्त्रीला कायद्याने मिळाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, एक्याण्णव्या वर्षात, रखमाबाईंनी देह ठेवला.

आता आपल्या घराकडे वळू या. आज आपल्याकडे पडदा नाही, पण दारे पूर्ण उघडली आहेत असेही नाही. भिवंडीत मागाच्या कारखान्यांलगतच्या खोल्यांत दिवसाही दिवा लागतो. तेथे वाढणाऱ्या तान्ह्याला ऊन कोठले? आपल्या गावातही मुलगी काळी पडेल म्हणून तिला उन्हातून आत घेतात. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची सरकारी पाहणी झाली. तीत एक ते चार वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे चौदा मुलांत ड जीवनसत्त्व कमी आढळले. मोठ्या मुलामुलींत तर शंभरात चोवीस.

हे जीवनसत्त्व करते काय, ते मला जसे समजले तसे सांगते. आपण मुलाला दूध, नाचणी देतो. त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात घेण्याचे काम ड जीवनसत्त्वामुळे नीट होते. ते नसले तर खाल्लेला चुना पुरेसा अंगी लागत नाही. हाडे मऊ राहतात आणि मुलाच्या भाराने वाकतात. टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मनगटे जाड होतात, मूल उशिरा चालते. फार कमी पडले तर तान्ह्याला झटकेही येतात. हाडे भरभर वाढतात ती पहिल्या दोन वर्षांत. म्हणून याच वयात जपायचे.

आता काही समजुती. कोवळे ऊन दाखवावे असे आपण म्हणतो. कोवळे ऊन सुखाचे खरे, पण ज्या किरणांमुळे कातडीत हे जीवनसत्त्व तयार होते ते किरण सकाळी अगदी थोडे असतात, आणि दुपारच्या सुमारास जास्त. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण काच ते किरण अडविते. सावळ्या कांतीला गोऱ्या कांतीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. चालत्या-खेळत्या मुलाला रोज उघड्यावर खेळू द्यावे, हातपाय उघडे असावेत. परंतु तान्ह्या बाळाला कडक उन्हात ठेवता येत नाही, त्याने त्याला बाधते.

मग तान्ह्याचे काय? आईचे दूध हे बाळाचे उत्तम अन्न, यात शंका नाही. पण ड जीवनसत्त्व त्यात फार थोडे असते. आईच्याच अंगात ते कमी असेल तर बाळ जन्मापासूनच कमी शिदोरी घेऊन येते. म्हणून आपल्या देशातले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्यास सांगतात. निरनिराळ्या बाटल्यांतल्या औषधाचे प्रमाण निराळे असते. एका बाटलीत एक मिलिलिटरला ४०० युनिट, तर दुसरीत ८००. तेव्हा शेजारणीच्या बाळाला जेवढे देतात तेवढे आपण देऊ नये. डॉक्टरांना बाटली दाखवून मगच माप ठरवावे. जास्त दिले तर मूल लवकर चालेल असे मुळीच नाही. हे जीवनसत्त्व अंगात साठते, आणि फार झाले तर उलट्या होतात, मूत्रपिंडाला अपाय होतो. म्हणून मोठ्या मात्रेची पुडी किंवा इंजेक्शन आपल्या मनाने घेऊ नये.

खाण्यातून ड जीवनसत्त्व थोडेच मिळते. अंड्याचा पिवळा बलक, बांगडा, तारली यांत ते असते. पण चुना मिळविणे आपल्या हाती आहे. मूल वरचे खाऊ लागले की नाचणीचे सत्त्व, दूध, दही द्यावे. जे खातात त्यांनी सुकट-जवळा स्वच्छ धुऊन, कुटून भातात कालवावा. ऊन असून चुना कमी पडला तरीही हाडे मऊ राहतात.

माझ्या मुलाच्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. घरच्या वडीलधाऱ्यांनी केले ते मायेनेच केले. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सुरतेच्या बायकांनाही रखमाबाईंनी दोष दिला नव्हता. पण यापुढे आपल्या सुना-मुली बाळंत होतील तेव्हा खोलीच्या खिडकीवरचे फडके आपणच काढावे. बाळाला थेंब सुरू झाले का, हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे. दीड वर्षाचे मूल चालत नसेल तर घराण्यावर न घालता त्याला तपासून घ्यावे. आणि आईलाही रोज थोडा वेळ मोकळेपणी बाहेर बसू द्यावे. मूल तिच्या मांडीवरच असते.

अकरा वर्षांच्या त्या मुलीचे लग्न लागले तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. ती पुढे डॉक्टर झाली आणि हजारो बायकांना तिने विचारले की तुम्हाला काय होते. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी या माउलीला माझा नमस्कार.